थंडीच्या दिवसांत मोटारसायकलची बॅटरी

पौषांतील पहांट व शेतपंपाच्या विजेची रात्रपाळी यांची गांठ ज्यांस पडते, त्यांस गाडी सुरू न होणें म्हणजे काय, हें आम्हीं सांगावयास नको. निफाडकडे पारा कित्येकदा ५ अंशांखालीं उतरतो व द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो. अशा वेळीं मालकच अंगणांत बटण दाबीत उभा राहिला, तर बाग कोणीं राखावी?

गेल्या हिवाळ्यांत आमची हीच फजिती झाली. गाडीस किक नाहीं, व इंधनाचा पंपही विजेवरचा. बॅटरी लांब मुदतीची हमी पाहून घेतलेली. मागाहून तिजवरील उत्पादनाची तारीख वाचली, तों विक्रीपूर्वीं ती दुकानांतच दहा महिने पडून होती! सारी नोकरी सातबाऱ्यांतील तारखा ताडण्यांत गेली, आणि स्वतःचे पैसे मोजतांना तारीख पाहण्याची बुद्धि झाली नाहीं. दुकानदारानें ती तपासणीस पाठविली व आम्ही आठ दिवस पायीं हिंडलों. हमीपत्रानें बॅटरी बदलून मिळते, चुकलेली पाण्याची पाळी मिळत नाहीं. म्हणून हमीचे महिने मोजून बॅटरी घेण्याची आपल्या लोकांची रीत आम्हांस मुळींच मान्य नाहीं. पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते व वेळेवर भरली नाहीं तर तिच्या शिशाच्या पत्र्यांवर गंधकी क्षार घट्ट बसतो. तीन महिन्यांच्या आंतील तारीख असेल तरच घ्यावी.

थंडीनें बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशापाशीं शिशाच्या बॅटरीची सुमारें पंचमांश शक्ति उणी होते, आणि त्याच वेळीं इंजिनांतील तेल दाट होऊन तें फिरविण्यास जोर अधिक लागतो. पीक बुडावें व त्याच सालीं सारा वाढावा, तशांतला हा प्रकार होय.

दुकानांत ॲम्पिअर-तासांचा आकडा मोठ्यानें सांगतात. तो विहिरींतील पाण्याचा सांठा झाला. मोटेचा झोत सांगणारा आकडा निराळा. त्यास सीसीए म्हणतात व तो उणे १८ अंशांवर मोजलेला असतो. जेथें छापलेला असेल तेथें दोन सारख्या बॅटऱ्यांत त्यावरूनच निवड करावी. मापें मात्र गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेंच असावीं. लिथियमची बॅटरी वजनास हलकी खरी, परंतु महाग, आणि कडक थंडींत पहिल्या प्रयत्नास आळसते. आम्ही ती घेणार नाहीं.

तथापि पुष्कळदा दोष बॅटरीचा नसतोच. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन चालू असेतों जळतच राहतो. घर ते मळा एवढ्याच फेऱ्या केल्यास बॅटरी भरावयास अवधि मिळत नाहीं. मीटर लावून पाहावें. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखवील तर ती भरलेली आहे. इंजिन चांगलें चालू असतां १३.५ ते १४.५ दिसले नाहींत, तर भरणी करणारें यंत्र आधीं दुरुस्त करावें, नाहीं तर नवी बॅटरीही जुनीच्या वाटेनें जाईल. असा मीटर कांहीं शेंकडा रुपयांत मिळतो. आपल्या संस्थेनें प्रत्येक गांवच्या शाखेंत एक ठेवावा, अशी आमची सूचना आहे. व्यवस्थापकांनीं ती पुढील सभेपुढें मांडावी.

जुनी बॅटरी बांधावर टाकूं नये. तींतील शिसें व तेजाब मातींत उतरतें. दुकानदारास परत देऊन तिची किंमत नवीच्या बिलांत वजा करून घ्यावी. आम्हीं या खेपेस तसेंच केलें, व तारीख चष्मा लावून दोनदा वाचली.