वलगणीचे मासे आणि आमची रसिकता

मृगाची पहिली सर कोसळली, कोंकणांतील पऱ्हे लाल-गढूळ होऊन वाहूं लागले, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पुष्कळ सुशिक्षित घरांत एकच निरोप फिरूं लागतो, ‘वलगणीचे मासे आले!’ कोठें यांसच चढणीचे मासे म्हणतात. मळे, शिवडे, खवली हे नदींतील मासे पहिल्या पुराबरोबर प्रवाहाच्या उलट चढून ओहोळांत व भाताच्या खाचरांत शिरतात, ते विहारासाठीं नव्हे. उथळ पाण्यांत अंडीं घालण्यासाठीं. नेमके त्याच वाटेवर त्यांस गांठून, गाबोळीसकट ताटांत वाढून घेण्यास आपण रसिकता म्हणतों. आमच्या मतें हें बियाणें भरडून खाणें आहे.

हें लिहितांना आम्ही सोंवळ्याचा आव आणीत नाहीं. आजोळीं हेच मासे आम्हीं मिटक्या मारीत खाल्ले आहेत. आणि म्हणूनच प्रतिपक्षाचे आक्षेप आम्हांस तोंडपाठ आहेत.

पहिला आक्षेप परंपरेचा. वाडवडील हेंच करीत आले, तेव्हां मासे संपले काय? पण वाडवडिलांचीं साधनें कोणतीं होतीं? बांबूचा सापळा, पाग आणि गळ. त्यांतून जेवढे मासे सांपडत, तेवढे निसटतही. आणि जें सांपडे तें गांवांतच खपे. आज पऱ्ह्यावर या कांठापासून त्या कांठापर्यंत नायलॉनचें बारीक जाळें ताणतात. कोठें पाण्यांत विजेची तार सोडतात, कोठें ब्लीचिंग पावडर ओततात. बोटभर पिलूंही वांचत नाहीं. साधन बदललें, प्रमाण बदललें, गिऱ्हाईक बदललें. परंपरेचें नांव तेवढें शिल्लक राहिलें.

दुसरा आक्षेप दयेचा. गरीब कातकऱ्याच्या तोंडचा घास काढतां काय? हा प्रश्न विचारणारा बहुधा कातकरी नसतो. पऱ्ह्या ओस पडला म्हणजे शहरांतील खवय्या सुरमईकडे वळतो. ज्याच्या पोरांचें कालवण त्याच पाण्यावर अवलंबून, तो कोठें वळणार? त्याच्या दारिद्र्याची ढाल करून आपली जीभ वांचविणें यांस दया म्हणत नाहींत.

तिसरा आक्षेप आळसाचा. कायदा आहे, सरकार पाहील. कायदा आहे खरा. बारीक जाळ्यांनीं पिलांचा संहार होतो, हें फ्रान्सिस डे यांनीं आपल्या १८७३ च्या अहवालांत सांगितलें होतें. पुढें १८९७ च्या कायद्यानें सुरुंगानें वा विषानें मासे मारणारास दोन महिनेपर्यंत कैद किंवा दोनशें रुपयांपर्यंत दंड ठरविला. जाळ्याच्या छिद्रांचें माप ठरविण्याचा व एखादें पाणी दोन वर्षांपर्यंत बंद ठेवण्याचा अधिकारही प्रांतिक सरकारांस दिला. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६० सालचा. समुद्रावर जून-जुलैंत यांत्रिक नौकांस बंदी असते, ती बंदरावर दिसतेही. परंतु भर पावसांत, मध्यरात्रीं, ज्याचें नांव नकाशावर नाहीं अशा ओहोळाच्या कांठीं सरकारचा कोणता शिपाई उभा राहणार? तेथें पहारा गांवाचाच हवा.

आणि गांवानें असा पहारा केलेला आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे. वरदायिनीचे मासे म्हणून तेथील मासा कोणी धरीत नाहीं. वैतरणेच्या कांठीं तिळसे येथील शिवालयापाशींही तोच परिपाठ. दोन्हीं ठिकाणीं मोठमोठे महसीर निर्भयपणें माणसाच्या हातचें खातात. देवीच्या धाकानें जें साधलें, तें विवेकानें साधूं नये काय?

ग्रामसभांनीं तीन नियम करावे. पहिल्या पुरानंतर तीन आठवडे ओहोळांत जाळें नको; एरव्हींही अर्धें पात्र मोकळें; आणि एक डोह कायमचा राखीव. विष, वीज व सुरुंग यांस तर केव्हांच थारा नको. चौथा नियम आम्हां शहरवासीयांचा, आणि त्यास ठरावही नको. गाबोळीचा मासा मागूं नये, त्यास पैसा मोजूं नये. पोरें उपाशी असतांनाही ज्यांनीं बियाण्याच्या कणगीस हात लावला नाहीं, त्यांचीं नातवंडें म्हणवून घेण्यास एवढें तरी करावयास हवें.