कौशल्य कमी आहे की कागद?

जर्मनीत ७५ टक्के, जपानमध्ये ८०, दक्षिण कोरियात ९६ आणि भारतात फक्त ४.६९ टक्के. औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतलेल्या कामगारांचे हे प्रमाण केंद्राच्या २०१५ च्या कौशल्य धोरणात दिले आहे. त्यावरून सरळ निष्कर्ष काढला जातो: आपल्या तरुणांना काम येत नाही.

पण हा आकडा कौशल्य मोजत नाही, प्रमाणपत्र मोजतो. घरात बापाकडून शिकलेले, कारखान्यात राबून शिकलेले काम यात धरलेलेच नाही. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनुसार १५ ते २९ वयोगटात औपचारिक प्रशिक्षण ४.४ टक्के, तर अनौपचारिक मार्गाने शिकलेले १६.६ टक्के. म्हणजे शिकलेल्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आकड्याच्या बाहेरच राहतात.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घ्या. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये 'प्राडा'ने तशीच चप्पल मिलानच्या मंचावर आणली आणि टीका झाल्यावर भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. जगाला हवे असलेले हे कौशल्य ज्या चर्मकार, ढोर समाजाच्या हातात आहे, तो कारागीर मात्र कागदावर 'अप्रशिक्षित' ठरतो. जातीने काम लादले, त्यातल्या ज्ञानाला मान दिला नाही. आजची मोजणी तेच पुढे चालवते.

याचा अर्थ दरी नाही असे नव्हे. 'ओईसीडी' प्रौढांचे वाचन, आकडेमोड आणि अडचणी सोडवण्याची क्षमता प्रत्यक्ष चाचणी घेऊन तपासते. २०२३ च्या फेरीत ३१ देश होते, भारत नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. तिथे भाषा लागते आणि मान्य पात्रताही लागते. नुसता हातगुण तिथे पुरत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रीत वर्षानुवर्षे साचे भरणाऱ्या आणि वस्तीत चामडे कमावणाऱ्या माणसांची यादी करून पंतप्रधान कौशल्य विकास योजनेतील 'आरपीएल'मधून त्यांच्या आधीच्या कौशल्याला प्रमाणपत्र मिळवून द्यावे. आणि नव्या पिढीसाठी आयटीआयसोबत इंग्रजी, जर्मनचे वर्ग मागावेत. प्रमाणपत्र हाती आल्यावरही मजुरी वाढते का, हेही तपासत राहावे. ती वाढली नाही, तर दरी कौशल्यात नव्हे, दामात आहे.