मशीन नवे की कामाचे?

कापडाच्या धंद्यात उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने फोटो प्रिंटरवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या पेढीवर ठाण घ्यायला येणारे निम्मे तरुण आज कापडाबरोबर छपाईचीही चौकशी करतात. खेळाडूंच्या जर्सी, शाळेची ओळखपत्रे, लग्नाचे फोटो, चहाच्या मगवरची चित्रे, दुपट्ट्यांची शेड कार्डे, या साऱ्या कामांच्या मुळाशी टेबलावर मावेल एवढे एकच यंत्र आहे. थोड्या भांडवलात सुरू होणारा हा रोजगार आहे. म्हणूनच त्यात थोडे भांडवल कसे बुडते, तेही समजून घेतले पाहिजे.

गेल्या ईदनंतर आमचा भाचा पेढीवर आला. शिंपी गल्लीत त्याचे छोटे दुकान आहे. म्हणाला, "मामू, फोटो प्रिंटर घ्यायचा आहे. जुने मॉडेल निम्म्या किमतीत मिळते आहे, पण जुन्यावर पैसे घालून काय उपयोग? अम्मी बांगड्या मोडायला तयार आहे. नवेच घेऊन टाकतो." आम्ही त्याला विचारले, "बेटा, तुझ्याकडे रोज किती फोटो छापायला येतात?" त्यावर तो गप्प झाला. किंमत, रंग, वेग, मोबाईलवरून छापण्याची सोय, सारे त्याला तोंडपाठ होते. स्वतःच्या कामाचा आकडा तेवढा ठाऊक नव्हता.

आमच्या मालेगावच्या लोकांना हा प्रश्न नवीन नाही. साधा माग चालवावा की रेपियर घ्यावा, हा वाद गावात कित्येक वर्षे चालू आहे. रेपियर वेगाने विणतो आणि सफाईदार विणतो, यात शंका नाही. तरीही साधे माग आज चालू आहेत आणि त्यांवर घरे चालत आहेत. ज्याच्याकडे रोजचे काम आणि खात्रीचे गिऱ्हाईक होते, त्याला नवा माग लाभला. शेजाऱ्याचे पाहून ज्यांनी घेतला, त्यांतील काहींचा माग हप्ता फेडण्यापुरताच फिरला. प्रिंटर लहान आहे, पण हिशोब तोच आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या कामात आपल्याकडे फार दिसणाऱ्या दोन मॉडेलांचे उदाहरण घेतो, एप्सनचे जुने एल ८०५ आणि त्यानंतरचे एल ८०५०. दोन्ही ए-फोर आकाराचे आहेत. दोन्हींत बाटलीने शाई भरावयाच्या टाक्या आहेत आणि दोन्ही सहा रंगांचे आहेत. काळा, सायन, मॅजेंटा व पिवळा हे नेहमीचे चार आणि त्यांच्या जोडीला फिकट सायन व फिकट मॅजेंटा. या दोन फिकट रंगांमुळेच चेहऱ्यावरची छटा दाणेदार न होता मऊ उतरते. वाय-फायही दोन्हींत आहे. म्हणजे फोटो छापण्याचा जो मूळ गुण, तो जुन्यातही आहे.

फरक आहे तो इतर गोष्टींत. जुन्याला ६७३ क्रमांकाची शाई लागते, नव्याला ०५७ क्रमांकाची. नव्या बाटलीचे तोंड तिच्याच रंगाच्या टाकीत बसते. त्यामुळे घाईत पिवळ्याच्या टाकीत काळी शाई ओतण्याची चूक होत नाही. जुन्यात ती होऊ शकते. नव्यावर प्लास्टिकची ओळखपत्रे छापण्याची सोय कंपनीनेच दिली आहे. जुन्यावर आपले कारागीर सीडी छापण्याच्या सोयीचा उपयोग करून, बाजारात मिळणारा वेगळा ट्रे बसवून तेच काम करीत आले आहेत. त्यातही काम निघते, पण कार्ड सरकले की छपाई तिरकी होते आणि कार्ड वाया जाते. तेव्हा ज्याच्याकडे शाळा-कॉलेजांच्या ओळखपत्रांचे बांधलेले काम आहे, त्याने नवे मॉडेलच घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु जर्सी आणि टी-शर्टचे काम करणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. त्या कामात सब्लिमेशनची शाई वापरतात. चित्र आधी कागदावर उलटे छापायचे, मग कागद कापडावर ठेवून हीट प्रेसमध्ये साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला दाबायचा. उष्णतेने रंगाची वाफ होते आणि ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरून बसते. येथे कापडवाल्याचा एक शब्द ऐकावा. हा रंग पॉलिस्टरच धरतो, सुती कापड धरत नाही. सुती बनियनवर छापून दिले, तर पहिल्या काही धुण्यांतच गिऱ्हाईक परत येईल. कापड घेतानाच त्यात पॉलिस्टर किती आहे ते विचारा.

ही शाई उष्णतेने बदलणारी असते. कॅनन आणि एचपीच्या इंकजेटमध्ये शाई तापवून, तिच्या बुडबुड्याच्या जोराने थेंब बाहेर फेकला जातो. एप्सनच्या हेडमध्ये शाई तापवीत नाहीत, विजेने हलणाऱ्या सूक्ष्म भागाच्या दाबाने थेंब बाहेर पडतो. या कामात कारागिरांचा ओढा त्या हेडकडे का, याचे कारण हे आहे. मात्र फोटोच्या प्रिंटरमध्ये ही परकी शाई ओतली की मशीन बिघडल्यावर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. मग जी वॉरंटी पहिल्याच दिवशी आपल्या हाताने धोक्यात घालायची, तिच्यासाठी नव्या मॉडेलची किंमत का मोजावी? अशा कामाला वॉरंटी संपलेले, पण हेड चांगले असलेले जुने मशीन शहाणपणाचे आहे. मात्र एकदा ही शाई घातली की ते मशीन त्याच कामाला ठेवावे. सकाळी जर्सी आणि संध्याकाळी लग्नाचे फोटो, असे एका मशीनवर होत नाही.

जुने मशीन घेणाऱ्याने काही गोष्टी डोळ्यांनी पाहूनच पैसे मोजावेत. समोर नोझल चेक काढून घ्यावा. रेघा कोठे तुटल्या असतील, तर त्या रंगाची वाट बंद आहे. सहाही रंगांचे भरीव चौकोन छापून पाहावेत. आधीच्या मालकाने आत कोणती शाई वापरली ते विचारावे. हेड साफ करताना वाया जाणारी शाई मशीनच्या पोटातील पॅडमध्ये जमते. हा पॅड भरला की मशीन छापणे थांबविते. अलीकडच्या बऱ्याच मशीनांत हा भाग डब्याच्या रूपात असतो आणि गिऱ्हाईक तो स्वतः बदलू शकतो, पण अनेक जुन्यांना त्यासाठी कारागिराकडे न्यावे लागते. शेवटी आपल्या संगणकाचाही विचार करावा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिला जाणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. आज ना उद्या संगणक बदलावा लागेल. तेव्हा या प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी कंपनीने दिला आहे की नाही, हे आधीच पाहून ठेवावे.

नव्याची घाई किती महाग पडते, हे आम्ही स्वतः भोगले आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही पेढीवरचा प्रिंटर बदलला. नव्या मशीनवर दुपट्ट्यांची शेड कार्डे छापली आणि त्याच दिवशी परगावच्या व्यापाऱ्याला धाडली. त्याने कार्डावरचा मोरपिशी रंग पाहून माल मागविला. माल पोचला तेव्हा कार्डावर एक रंग आणि कापडावर दुसरा. दोन गाठी परत आल्या, जाण्यायेण्याचे भाडे आमच्या अंगावर पडले. चूक मशीनची नव्हती, आमची होती. मशीन, शाई आणि कागद यांची जोडी बदलली की रंगाचा ताळा पुन्हा बसवावा लागतो. त्यासाठी त्या जोडीचे कलर प्रोफाइल लागते. आम्ही जुन्याच सेटिंगवर छापले होते. शिवाय कार्ड पाहिले ते पेढीतल्या ट्यूबलाइटखाली. दोन रंग एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्यात वेगळे, हे रंगारी कारागिराचे पोरही जाणते. आम्ही जाणूनही विसरलो. तेव्हापासून कार्ड आणि कापड दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय आम्ही काही धाडत नाही.

आता पैशाचा हिशोब. समजा दोन मशीनांच्या किमतीत ८,००० रुपयांचा फरक आहे आणि शाई-कागद वजा जाता एका फोटोमागे ४ रुपये सुटतात. म्हणजे हा फरक भरून निघायला २,००० फोटो छापले पाहिजेत. रोज १० फोटो असतील, तर २०० दिवसांत पैसे वसूल होतील. रोज दोनच असतील, तर १,००० दिवस लागतील, म्हणजे पावणेतीन वर्षांच्या आसपास. आणि रोज दोन फोटोंच्या दुकानात मशीन बहुतेक वेळ बसून राहणार. बसलेल्या इंकजेटच्या हेडमध्ये शाई सुकते. ती काढायला हेड क्लीनिंग करावे लागते आणि प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाई वाया जाते. माग बंद राहिला तर निदान सूत खात नाही, हा प्रिंटर बसून राहिला तरी शाई पितो. ज्याच्याकडे रोजचे काम नाही, त्याने आठवड्यातून एकदा तरी सहाही रंगांचे एक पान छापावे. तेही जमत नसेल, तर सध्या फोटो दुसऱ्याकडून छापून घ्यावेत.

भाच्याने आमच्या सांगण्यावरून महिनाभर वहीत नोंद ठेवली. महिन्याअखेर वही घेऊन आला. जर्सी आणि टी-शर्टचे काम दररोजचे होते. फोटो मात्र दिवसाला तीनही भरत नव्हते आणि ओळखपत्रांचे काम अजून बोलण्यातच होते. त्याने नोझल तपासून एक जुने मशीन घेतले आणि त्यात फक्त सब्लिमेशनची शाई घातली. फोटो तो शेजारच्या स्टुडिओतून छापून आणतो, त्यात नफा कमी आहे, पण भांडवल अडकलेले नाही. शाळेचे काम पक्के झाले, तर जर्सीच्या नफ्यातून तो नवे मॉडेल घेईल. आमच्या बहिणीच्या बांगड्या तिच्या हातातच आहेत.

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, आम्ही नव्याच्या विरोधात नाही. गिऱ्हाइकाला चांगला माल देण्यासाठी चांगले यंत्र लागतेच. आमचे सांगणे एवढेच, की दुकानदाराला "नवीन काय आले?" असे विचारण्यापूर्वी आपल्या वहीला "काम काय आले?" असे विचारावे. एक महिना रोज संध्याकाळी पाच मिनिटे लागतील. तेवढ्याने कोणते मॉडेल घ्यावे, आणि मुळात घ्यावे की नाही, हे तुमचीच वही तुम्हाला सांगेल.