एचआर राउंड : पाठ केलेलं नको, घडलेलं सांगा

‘टीममध्ये वाद झाला तेव्हा तुम्ही काय केलं?’ मुलाखतीतल्या अशा प्रश्नांना बिहेविअरल प्रश्न म्हणतात. आधी जसे वागलात, तसेच पुढेही वागाल, हा त्यामागचा तर्क. अ‍ॅमेझॉन तर आपल्या १६ लीडरशिप प्रिन्सिपल्सच्या आधारे असे प्रश्न विचारते.

उत्तरासाठी ‘स्टार’ पद्धत प्रसिद्ध आहे : परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम. बहुतेक जण परिस्थिती सांगण्यातच वेळ घालवतात. खरं वजन मात्र कृतीला आहे. ‘आम्ही प्रोजेक्ट वेळेत संपवला’ यातून तुमचा वाटा कळत नाही. ‘मी’ म्हणणं आपल्याकडे आगाऊपणाचं वाटतं, पण इथे तेच विचारलेलं असतं.

‘फ्रेशरकडे अनुभव कुठून येणार?’ ही सबब माझ्या मते चुकीची आहे. गणेश मंडळाचा हिशेब, गॅदरिंगचं नियोजन, घरच्या दुकानात हाताळलेलं चिडलेलं गिऱ्हाईक, हाही अनुभवच आहे. लहान गावातली मुलं नेमकं हेच सांगायला लाजतात आणि नेटवरचं तयार उत्तर पाठ करतात. ‘मग तो सहकारी काय म्हणाला?’ असा उपप्रश्न आला की ते पाठांतर उघडं पडतं.

त्यापेक्षा वाद, अपयश, डेडलाइन आणि पुढाकार यांवरचे पाच-सहा खरे प्रसंग वहीत लिहा. प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत मोठ्याने सांगून पाहा. अपयश विचारलं तर ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ असं म्हणू नका. काय चुकलं आणि नंतर काय बदललं, ते सांगा.