दबावाखाली घेतलेल्या राजीनाम्यांची नोंद कामगारकपात म्हणून व्हावी

प्रति,
मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई
(मा. अपर कामगार आयुक्त, पुणे यांच्यामार्फत)

विषय : मोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांतील सक्तीचे राजीनामे

महोदय,

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांतील मोठ्या कंपन्यांत माणसे कमी करण्याची एक रीत रुळली आहे. प्रोजेक्ट संपून कर्मचारी बेंचवर आला, की एके दिवशी एचआरचे बोलावणे येते. बंद खोलीत दोन पर्याय सांगितले जातात : आत्ताच पोर्टलवर राजीनामा टाका, नाहीतर टर्मिनेशन घ्या आणि पुढच्या नोकरीच्या पडताळणीत तो शेरा वागवत बसा. लॅपटॉप तिथेच जमा होतो, संध्याकाळी ओळखपत्राने दार उघडत नाही, आणि कागदावर ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच उरते. आमचे म्हणणे असे, की ही कायद्याच्या भाषेत कामगारकपातच आहे.

याचा पुरावा कंपन्यांच्याच दफ्तरात आहे. एरवी कर्मचाऱ्याने स्वतःहून राजीनामा दिला, तर हीच कंपनी त्याला 60 किंवा 90 दिवसांच्या नोटीस पिरियडमधला एक दिवस सोडायला तयार नसते. नवी नोकरी हातची जाईल म्हणून तो विनवण्या करतो. मग या ठरावीक राजीनाम्यांनाच त्याच दिवशी मंजुरी कशी मिळते? शिवाय एकाच विभागातील अनेकांना एकाच आठवड्यात, एकाच मजकुराची ‘वैयक्तिक’ कारणे सुचावीत, हा योगायोग पचणारा नाही. औद्योगिक संबंध संहिता, 2020 नुसार शिस्तभंगाची शिक्षा सोडून कोणत्याही कारणाने मालकाने सेवा संपवली, तर ती कपात ठरते. त्यातून इतर काही बाबींबरोबर स्वेच्छेची निवृत्तीही वगळली आहे. सगळा डाव या ‘स्वेच्छे’वर चालतो. राजीनामा म्हटले, की एक महिन्याची नोटीस नाही, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांची भरपाई नाही, शेवटी आलेला आधी जाईल हा क्रम नाही आणि पुनर्कौशल्य निधीत भरायचे 15 दिवसांचे वेतनही नाही. शासनाला द्यायची सूचनाही टळते, म्हणून आपल्या दफ्तरी कपात जवळपास दिसतच नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की लाखांत पगार घेणारा अभियंता कामगार कसा? संहितेच्या व्याख्येत तांत्रिक काम करणारा स्पष्टपणे येतो; वेतनाची मर्यादा आहे ती पर्यवेक्षकांना. ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ या पाटीने काही ठरत नाही. सिबा-गायगी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच पदनामापेक्षा प्रत्यक्ष मुख्य काम पाहिले होते. ज्याच्या हाताखाली कोणी नाही आणि जो दिवसभर कोड लिहितो किंवा तपासतो, तो व्यवस्थापक नव्हे. दुसरा आक्षेप : सही त्यानेच केली. खरे आहे. पण भारतीय करार अधिनियम, 1872 दबावाने किंवा अनुचित प्रभावाने मिळवलेल्या संमतीला मोकळी संमती मानत नाही, आणि अनुभवपत्र ज्याच्या मुठीत आहे त्याच्यासमोर, विचाराला एक रात्रही न देता घेतलेली संमती मोकळी म्हणता येणार नाही.

उरला उद्योग बंगळूर किंवा हैदराबादला जाण्याचा धाक. संहिता केंद्राची आहे, तिथेही हेच कलम लागू होते. काम नसताना माणसे कमी करण्याचा कंपनीचा हक्कही आम्ही नाकारत नाही. सहा वर्षे राबलेल्याला 90 दिवसांचे वेतन देणे ही काही कंबरडे मोडणारी रक्कम नाही. आम्ही दोन-तीन महिन्यांचा पगार देतोच, असे काही कंपन्या सांगतात. मग तोच व्यवहार कपात म्हणून नोंदवायला हरकत कशाची?

म्हणून विनंती, की कंपनीने नोटीस माफ करून सात दिवसांत मंजूर केलेला प्रत्येक राजीनामा, कर्मचाऱ्याची तक्रार येताच, प्रथमदर्शनी कपात समजून तपासावा आणि तो स्वेच्छेचा असल्याचे कंपनीने दाखवावे, असे परिपत्रक समेट अधिकाऱ्यांना द्यावे. अशा राजीनाम्यांची तिमाही माहिती कंपन्यांकडून मागवावी. तक्रार प्रलंबित असताना रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र आणि अंतिम हिशेब अडवला जाऊ नये. हा शेवटचा मुद्दा आधी घ्यावा, कारण त्या एका कागदाच्या भीतीने बहुतेक जण आपल्या कार्यालयाची पायरीच चढत नाहीत.

आपले विश्वासू,
माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचारी, पुणे