एक रुपया दंड

सुट्टीत मुलांना घेऊन कोल्हापूरला गेलात, तर नवा राजवाडा पाहून परतू नका. कसबा बावड्याच्या लक्ष्मी-विलास राजवाड्यातही जा. 26 जून 1874 रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म इथे झाला. ही वास्तू स्मारक म्हणून जपली आहे.

तिथे मुलांना कुस्तीचे, शिकारीचे किस्से जरूर सांगा. पण 1917 सालचा हुकूमही सांगा. महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड!

मग शहरात दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग दाखवा. 1906 साली महाराजांच्या पुढाकाराने त्याची सुरुवात झाली. खेड्यातल्या मुलाला नुसती फी माफ करून भागत नाही, राहायला छप्परही लागते, हे त्यांनी ओळखले होते.

आज दंड करणारा राजा नाही. माझ्या वर्गातली मुले मात्र अजूनही दहावीआधी गॅरेजवर जातात, मुली घरी बसतात. अम्मी-अब्बांनो, सहलीहून आल्यावर एवढे करा: आपल्या मोहल्ल्यात शाळा सुटलेले एक मूल शोधा आणि त्याच्या वालिदांना जाऊन भेटा.