रोजनिशीतली रेघ

कोणतीही कला रोज करावयाची म्हटली की आपल्याकडे पहिला शब्द तोंडी येतो तो 'रियाज'. गवयाचा रियाज, तबलजीचा रियाज, आणि त्याच चालीवर चित्रकाराचाही रियाज. शब्द मोलाचा आहे यात शंका नाही. पण पेन्सिल आणि जलरंगाची पेटी घेऊन दररोज एक लहानसे रेखाटन करू पाहणाऱ्या, पेशाने चित्रकार नसलेल्या माणसाला हा शब्द उपकारक होण्याऐवजी जाचकच ठरतो, असे आमचे मत आहे. रियाजामागे मैफल उभी असते. आज जे घोटावयाचे ते उद्या श्रोत्यांपुढे सादर व्हावे, निदान गुरूच्या कानास पसंत पडावे, ही अपेक्षा त्या शब्दातच दडलेली असते. मग पंधरा-वीस पाने भरूनही बादली बादलीसारखी दिसेना, की माणूस वही मिटतो आणि 'आपला हात काही चित्राचा नाही' असे म्हणून मोकळा होतो.

वस्तुतः त्याने जे आरंभिले होते त्याची जात वेगळी होती. रोजचे रेखाटन हे रियाजापेक्षा रोजनिशीच्या अधिक जवळचे आहे. रोजनिशी लिहिणाऱ्याला 'वर्षभरात तुमचे गद्य किती सुधारले?' असे कोणी विचारीत नाही. त्या दिवशी ते घडले आणि ते नोंदले गेले, एवढेच तिचे प्रयोजन असते. चित्रवहीचेही तसेच आहे. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक वस्तू आपण पाव तास पाहिली, याचा ती पुरावा असते. रेघ चांगली आली तर आनंदच आहे. न आली तरी पाहणे वाया जात नाही. हा भेद साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना विशेष महत्त्वाचा वाटावा, कारण या वहीचा खरा लाभ चित्राला होवो न होवो, भाषेला होतो असे आम्हांला वाटते.

आपल्याकडील कोणत्याही शाळकरी मुलाला 'निसर्गचित्र काढ' म्हणून सांगून पाहावे. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीतून उगवणारा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, काठावर एक झोपडी, बाजूस नारळाचे झाड आणि आकाशात मराठी चार आकड्यासारखे उडणारे पक्षी. ज्याच्या गावात नारळ नाही तो मराठवाड्यातला मुलगाही हेच काढतो, आणि जिला डोंगर कधी दिसलेला नाही ती शहरातल्या चाळीतली मुलगीही हेच काढते. आता त्याच मुलांना 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावर निबंध लिहावयास सांगावे. धरणीमाता हिरवा शालू नेसते, झरे खळखळ वाहतात, मोर थुईथुई नाचतो. दोन्ही ठिकाणी रोग एकच आहे. समोर पाहण्याचा प्रसंगच न येता हातात तयार आकृती आली आहे, आणि जिभेवर तयार शब्द आला आहे. पुढे हीच मुले साहित्याच्या वर्गात येतात, तेव्हा 'प्रत्ययकारी वर्णन', 'चित्रदर्शी शैली' अशी विशेषणे ती याच सहजतेने वापरू लागतात.

या रोगाला थोडा इतिहासही आहे. १८५७ साली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली. पुढे तिथे जी शिक्षणपद्धती रुजली ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची होती : आधी भूमिती, मग नक्षीचे नमुने, मग प्लास्टरच्या प्रतिकृती, अशा पायऱ्यांनी हात तयार करावयाचा. योगायोग असा, की त्याच १८५७ साली जॉन रस्किन यांचे 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' हे छोटेखानी पुस्तक इंग्लंडात प्रसिद्ध झाले. नवशिक्यास लिहिलेल्या तीन पत्रांच्या रूपातले हे पुस्तक साउथ केन्सिंग्टनच्या वृत्तीला उघड विरोध करणारे होते. रस्किन १८५४पासून लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात कामगारांना रेखाटन शिकवीत असत, आणि त्या कामगारांना चित्रकार करणे हा त्यांचा हेतूच नव्हता. चित्र काढता यावे म्हणून पाहावयाचे नसून पाहता यावे म्हणून चित्र काढावयाचे, असा त्यांचा आग्रह होता. विद्यार्थ्याला त्यांनी काढावयास सांगितले काय, तर रस्त्यातून उचलून आणलेला एक गुळगुळीत दगड.

मुंबईच्या कलाशाळेने काही दिलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती तिच्याच विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली केल्या, आणि महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारखा रस्त्यावरचा माणूस नेमका टिपणारा चित्रकारही तिथेच घडला. आमची तक्रार आहे ती शालेय पातळीवर जे झिरपले त्याविषयी. एलिमेंटरी आणि इंटरमीडिएट या आपल्या ग्रेड परीक्षांत 'स्मरणचित्र' नावाचा एक सुंदर विषय आहे. पाहिलेले आठवून काढावयाचे, ही कल्पना उत्तमच. प्रत्यक्षात मात्र बाजार, बसथांबा, पावसातली छत्री असे ठरावीक प्रसंग मुलांकडून आधीच घोटून घेतले जातात. स्मरण उरते ते पाहिलेल्या बाजाराचे नव्हे, शिकवलेल्या चित्राचे. श्रेणी मिळते, दहावीला सवलतीचे गुण मिळतात आणि बहुतेकांची पेन्सिल तिथेच कायमची खाली ठेवली जाते.

आता रोजच्या रेखाटनात नेमके घडते काय, ते एका साध्या वस्तूवरून पाहू. समोर स्टीलचा पेला ठेवा. त्याचे तोंड गोल आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण गोल काढतो. डोळ्यांना मात्र लंबवर्तुळ दिसत असते, आणि पेला डोळ्यांच्या पातळीकडे उचलत नेला तर ते चपटे होत होत एका रेघेत मिटते. पेल्याचा तळ टेबलावर सपाट टेकला आहे हेही आपल्याला ठाऊक असते, म्हणून तळाशी आपण सरळ रेघ मारतो. दिसतो तो बाक, आणि तोही वरच्या कडेपेक्षा थोडा अधिक. पेल्याचा रंग आपण 'चंदेरी' म्हणतो. पण रंगवू लागलो की लक्षात येते, की चंदेरी असा काही रंग तिथे नाहीच. खिडकीचा एक पांढरा पट्टा आहे, आपल्याच सदऱ्याचा निळसर डाग आहे, टेबलाचा तपकिरी रंग खालून वर चढला आहे, आणि त्यांच्या शेजारी एक अगदी काळी, तीक्ष्ण कड आहे. ठाऊक असणे आणि दिसणे यांतले हे अंतर कोणी सांगून कळत नाही. रेघ चुकते, पुन्हा पाहावे लागते, आणि त्या पुन्हा पाहण्यातच ते कळते. 'चंदेरी पेला' हे दोन शब्द लिहून जो लेखक पुढे जातो, त्याला आपण काय टाळून पुढे गेलो याचा पत्ताही नसतो.

पेन्सिल आणि जलरंग ही जोडी या कामाला फार योग्य आहे, ती दोघांच्या स्वभावांमुळे. पेन्सिल क्षमाशील असते. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी मारता येते, आणि दोन्ही रेघा मिळून आपल्या नजरेचा प्रवास कागदावर राहतो. म्हणून खोडरबर शक्यतो दूर ठेवावा. जलरंग क्षमा करीत नाही. त्यात पांढरा रंग म्हणजे कागदच. तेव्हा काय कोरे सोडावयाचे हे कुंचला टेकवण्याआधी ठरवावे लागते. फिकटाकडून गडदाकडे जावयाचे, आणि एकदा गडद झालेले सहसा मागे आणता येत नाही. शिवाय त्यात ऋतूही हात घालतो. कोकणात आषाढात रंगाचा हात वाळतच नाही. शेजारचा रंग लावावा तर दोन्ही एकमेकांत पसरतात. नागपुरात मे महिन्यात उलट तऱ्हा. कुंचला कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिले टोक सुकून त्यावर कड उमटलेली असते. रोज रंगवणाऱ्याच्या वहीत हवा अशी आपोआप नोंदली जाते. किती सोडावे आणि कधी थांबावे, हे लेखनातले दोन अवघड प्रश्न तिथे रोज पाव तास बोटांना सोडवावे लागतात.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी आणखी एक मुद्दा मांडावासा वाटतो. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' हे पुस्तक १९५५ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून संवादलय, विरोधलय आणि समतोललय या संज्ञा विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी पाठ केल्या आणि उत्तरपत्रिकांत उतरविल्या. पण निळ्या छटेशेजारी नारिंगी छटा ठेवली असता दोन्ही कशा उजळतात, किंवा पानाच्या एका कोपऱ्यातला लहान गडद ठिपका उरलेल्या साऱ्या फिकट पसाऱ्याला कसा तोलून धरतो, हे स्वतःच्या हाताने एकदा तरी करून पाहिलेले विद्यार्थी त्यांत किती असतील? संवेदनांच्या संबंधांविषयीचा सिद्धांत आपण संवेदना वगळून शिकवतो. मर्ढेकरांशी वाद घालावयाचा असेल तर तोही, आमच्या मते, रंगाची पेटी उघडल्यावर अधिक चांगला घालता येईल.

नजर आणि शब्द यांचे हे नाते सांगणारी उदाहरणे आपल्या जवळच आहेत. अरुण कोलटकर जे. जे.मध्ये शिकलेले आणि जाहिरातक्षेत्रात नाव मिळवलेले कलावंत होते. 'जेजुरी' (१९७६) असो वा मुंबईच्या काळा घोडा चौकातल्या एका वाहतूक-बेटाभोवती रचलेला २००४ सालचा इंग्रजी संग्रह असो, तिथे वस्तू आधी दिसते आणि मग अर्थ उगवतो. प्रभाकर बरवे यांनी 'कोरा कॅनव्हास' (१९९०) या पुस्तकात चित्रकाराची विचारप्रक्रिया मराठीत मांडली. त्यामागे वर्षानुवर्षांच्या दैनंदिन्या उभ्या होत्या. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातील त्यांच्या प्रदर्शनात या दैनंदिन्याही मांडल्या होत्या. शब्द आणि आकृती त्यांत शेजारी नांदतात. बाहेरचे उदाहरण हवे तर कवी हॉपकिन्स यांचे घ्यावे. रस्किनच्या संस्कारात वाढलेल्या या कवीच्या टिपणवह्यांत झाडे, पाणी आणि ढग यांची पेन्सिलीने केलेली रेखाटने आहेत, आणि त्याच वस्तूंची विलक्षण काटेकोर शब्दवर्णनेही आहेत.

यावर आक्षेप येणारच. खिशात फोन असताना पेला कशाला काढत बसावयाचे, हा पहिला. फोन वस्तू साठवून ठेवतो, आणि साठली म्हणून आपण पाहणे सोडून देतो, हे त्याचे उत्तर. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एखादा शब्द लिहून काढण्यापेक्षा त्या शब्दाच्या वस्तूचे चित्र काढले असता तो अधिक लक्षात राहतो, असे आढळले. आणि हा लाभ चित्र चांगले येण्यावर अवलंबून नव्हता. 'वेळ कुठे आहे?' हा दुसरा आक्षेप. पाव तासाविषयी तो कोणी प्रामाणिकपणे घेऊ शकेल असे वाटत नाही.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो आम्हीच घेतो. रोजच्या नेमाची मोजणी सुरू झाली की नेम पोकळ होतो. २००७ साली गॅब्रिएल कँपनारिओ या पत्रकाराने सिअ‍ॅटलमधून सुरू केलेली 'अर्बन स्केचर्स' ही चळवळ आज आपल्या शहरांतही पोहोचली आहे. प्रत्यक्ष जागी बसून काढावयाचे, हा तिचा दंडक आम्हांला मनापासून मान्य आहे. २००९पासून ऑक्टोबरात रोज शाईचे एक चित्र काढण्याची 'इंकटोबर' ही प्रथाही अनेकांना वहीकडे घेऊन आली. पण चित्र वाळण्याआधीच ते लोकांना दाखवण्याची घाई झाली, की रोजनिशीचा पुन्हा रियाज होतो, नव्हे, रोजची मैफल होते. मग माणूस पेला सोडून जुना वाडा शोधू लागतो, कारण वाड्याला दाद मिळते. जे चांगले येते तेच पुन्हा पुन्हा काढले जाते, आणि दोन डोंगरांमधला सूर्य अधिक सफाईदार होऊन परत उगवतो. म्हणून आमचे सांगणे असे, की वही शक्यतो कोणाला दाखवू नये. पान फाडू नये. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन चित्रे काढून हिशेब पुरा करू नये. रोजनिशीतले कोरे पान हीही नोंदच असते. साधी वही, टू-बी पेन्सिल आणि शाळेच्या दप्तरातली बारा वड्यांची रंगपेटी एवढे सामान पुरते. चित्राखाली तारीख आणि ठिकाण लिहावे, आणि विशेषण न वापरता एक वाक्य.

अध्यापकांना एक प्रयोग सुचवून थांबतो. पुढच्या सत्रात वर्णनपर गद्य शिकवावयास घेण्यापूर्वी टेबलावर एक पेला ठेवावा. वर्गातल्या प्रत्येकाने तो पंधरा मिनिटे पेन्सिलीने काढावा आणि नंतर त्याच पेल्यावर एक परिच्छेद लिहावा. चित्रे गोळा करू नयेत आणि त्यांना गुणही देऊ नयेत. परिच्छेद मात्र घरी नेऊन सावकाश तपासावेत.